आयली लाह्तीनं न विचारलेला प्रश्न

टामरॅकची प्राथमिक शाळा बंद झाली तेव्हा आयली लाह्ती चोपन्न वर्षांची होती. बावीस वर्षं तिनं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. पहिली दहा भांडी घासण्यात आणि बटाटे सोलण्यात गेली, पुढची बारा मुख्य स्वयंपाकीण म्हणून. मग गावातली कागदाची गिरणी बंद पडली, माणसं कामाच्या शोधात दक्षिणेकडे पांगली आणि साडेतीनशे पोरांची शाळा एक्क्याण्णववर आली. शेवटी शाळा मंडळानं ती तीस मैलांवरच्या शाळेत मिसळून टाकली. तिथे स्वयंपाकघर होतं आणि स्वयंपाकिणीही होत्या. शेवटच्या दिवशी आयलीनं मोठी पातेली धुऊन पालथी घातली, किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या आणि ती घरी आली.

बरोबरच्या दोघी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागल्या. तिलाही बोलावणं होतं, पण ती गेली नाही. ऑगस्टमध्ये तिनं वीस मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात हिशेबाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. नोकरी गेलेल्यांची फी सरकार भरत होतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

ही बातमी तिनं पहिल्यांदा सांगितली ती सिल्व्हियाला. सिल्व्हिया तिची नणंद, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघींची घरं एकाच रस्त्यावर होती, मध्ये फक्त लुथरन चर्च. शनिवारी संध्याकाळी सिल्व्हियाच्या परसातल्या सौनात, त्या लाकडी खोलीत, वाफ घ्यायची आणि मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायची, हा लग्नापासूनचा रिवाज. आयलीचा नवरा आर्नी गेला, तरी तो मोडला नव्हता.

"हिशेब? तू?" सिल्व्हियानं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. "अगं, चर्चच्या नाश्त्याला तुला गल्ल्यावर बसवलं, तर पाद्रीबुवांनाच दहा डॉलर जास्तीचे परत केलेस."

"म्हणून तर शिकते."

"वर्गात सगळी विशीतली पोरं असतील. आजी म्हणतील तुला."

"म्हणू देत. त्यातल्या निम्म्यांना मी जेवायला घातलंय."

सिल्व्हिया हसली. पण दगडांचा चुरचुराट थांबल्यावर तिनं हळूच विचारलं, "खरं काय ते सांग. हिशेबच का?"

आयलीनं पळी घेतली आणि दगडांवर आणखी पाणी टाकलं. कारण होतं, पण बोलायला घेतलं असतं तर आर्नीवर गेलं असतं, आणि आर्नीविषयी त्या दोघी सौनात बोलत नसत.

आर्नी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात होता. हिवाळाभर रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारणारा मोठा ट्रक तो चालवायचा. साडेचार वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी, वायपरवर घट्ट बसलेलं बर्फ खरवडायला त्यानं ट्रक कडेला घेतला आणि तो खाली उतरला. मागून ओंडके भरलेला एक ट्रक आला, घसरला आणि थेट आर्नीवर गेला. चालवणारा वेस्ली ट्रस्कॉट, सव्वीस वर्षांचा, गावातलाच. तो प्यायलेला नव्हता. पण आदल्या दिवसापासून धड झोपला नव्हता, आणि तसल्या हवेत चालवू नये इतक्या वेगानं चालवत होता. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. आठ महिने काउंटीच्या तुरुंगात काढले, मोठ्या गाड्यांचा परवाना गेला. निकालाच्या दिवशी वकिलानं लिहून दिलेली दोन वाक्यं त्यानं वाचून दाखवली. आयली तिसऱ्या बाकावर बसली होती. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

त्यानंतर पाकिटं यायला लागली. विम्याची, पेन्शनची, रस्ते खात्याची. आयलीला एका कचेरीत बोलावलं गेलं. टेबलापलीकडच्या माणसानं कागदांची चळत पुढे सरकवली. जिथे जिथे सही हवी तिथे त्यानं पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या.

"ह्यात काय लिहिलंय?" आयलीनं विचारलं होतं.

"त्याची तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला होता. चांगलाच माणूस होता, आवाजही मऊ होता. आयलीनं सोळा सह्या केल्या. आपण काय घेतलं, काय सोडून दिलं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर कित्येक वर्षंही कळलं नाही. आर्नीच्या मरणाचे कागद घरातल्या खणात होते आणि ते तिला वाचता येत नव्हते. ह्याची तिला लाज वाटायची. ती लाज तिनं कोणालाच सांगितली नव्हती.

वर्गात चोवीस जण होते. शिकवायला लेनर्ड बोसँको सर. सत्तरीचे, वाळलेल्या फांदीसारखे, उभी हयात बँकांची दप्तरं तपासण्यात घालवलेले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली, डावीकडे 'नावे' लिहिलं आणि उजवीकडे 'जमा' लिहिलं. घरी आलेला पैसा नावे का आणि गेलेला जमा का, हे आयलीच्या डोक्यात शिरेना. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद. महिनाभर ती नुसती उतरवून घेत राहिली. पहिल्या परीक्षेत शंभरात एक्केचाळीस मिळाले.

पेपर हातात पडल्यावर ती गाडीत जाऊन बसली. डब्यात पास्टी होती, मांस आणि सलगमाची. ती नुसती हातात धरून बसली. काचेवर टकटक झाली. जोलीन मॅकी नावाची मुलगी, बावीस वर्षांची, वर्गात खिडकीजवळ बसायची.

"मिसेस लाह्ती, तुम्ही मला ओळखत नाही. तिसरीत माझं दूध सांडलं होतं. तुम्ही मला दुसरं दिलंत आणि कोणाला सांगितलं नाहीत."

"दूध तर रोज कोणी ना कोणी सांडायचं, बाळ."

"मला अठ्ठेचाळीस मिळालेत," जोलीन म्हणाली. "एकटीनं नापास व्हायचा कंटाळा आलाय. दोघी मिळून होऊ या का?"

त्या दिवसापासून दोघी वाचनालयात एकत्र बसायला लागल्या. एकदा बोसँको सर तिथून जाताना थांबले. आयलीच्या वहीत मालाच्या साठ्याचं एक गणित चौथ्यांदा खोडलेलं होतं.

"मिसेस लाह्ती, शाळेत पीठ किती लागलं ते तुम्ही कसं काढायचात?"

"सोमवारी होतं किती ते बघायचं, मधे आलं किती ते मिळवायचं, शुक्रवारी उरलं ते वजा करायचं."

"कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? नाहीतर गुरुवारी पाव कमी पडायचे."

"मग हे गणित तुम्ही बारा वर्षं करताय," सर म्हणाले. "इथे फक्त पिठाऐवजी खिळे आहेत." आणि ते निघून गेले. कौतुक करायची त्यांना सवयच नव्हती.

ते एक गणित सुटलं. मग हळूहळू बाकीचीही सुटायला लागली. एका रात्रीत काही झालं नाही. डिसेंबरात त्रेसष्ट मिळाले, मेमध्ये एक्क्याऐंशी. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, आयलीनं खणातली पाकिटं काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. चार तास लागले. तिनं एकेक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कोणी तिला फसवलं नव्हतं. आर्नीचं जे होतं ते सगळं रीतसर तिच्याकडे आलं होतं. कागद परत पाकिटांत घालताना तिला रडू आलं. अंत्यविधीच्या दिवशी आलं नव्हतं इतकं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दर शनिवारी कॉलेजच्या वाचनालयात गावोगावची माणसं यायची आणि विद्यार्थी त्यांचे प्राप्तिकराचे फॉर्म फुकट भरून द्यायचे. हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. त्याआधी एक जाडजूड पुस्तिका पाठ करून परीक्षा द्यावी लागायची आणि शपथ घ्यावी लागायची. बोसँको सर ती स्वतः म्हणवून घ्यायचे. "ह्या टेबलावर जे दिसेल ते ह्या टेबलावरच राहील. नवऱ्याला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही, कुत्र्याला सांगायचं नाही." पोरं हसली. सर हसले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी बाहेर उणे अठरा होतं. आयलीच्या छातीवर बिल्ला होता, त्यावर फक्त 'आयली' एवढंच. जोलीन दारात बसून नंबर पुकारत होती. "सत्तावीस!"

सत्तावीस नंबरचा माणूस समोर येऊन बसला. त्यानं पावाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. वर पगाराचा कागद होता. आयलीनं नाव वाचलं. वेस्ली ट्रस्कॉट.

तिनं वर बघितलं. दाढी वाढलेली, केस विरळ झालेले, डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक नाही. बत्तीसचा असणार, दिसत पंचेचाळीसचा होता. तो टेबलाकडे बघत होता.

हात वर केला असता तर सर आले असते, दुसऱ्या कोणी त्याचं काम केलं असतं. आयलीनं हात वर केला नाही. का नाही केला, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. कदाचित ह्या माणसाचे कागद तिला बघायचे होते.

"लग्न?"

"नाही."

"मुलं?"

"नाही."

"पत्ता?"

"रिव्हर रोड. आईचं घर."

"काम?"

"लाकडाच्या गिरणीत. फळ्या रचतो."

वर्षाची कमाई एकोणीस हजारांच्या आत-बाहेर. कागदांच्या खाली रबर लावलेला औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा होता. आयलीनं तो उचलला.

"ते राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "चुकून आलंय. माझ्या भावाची औषधं आहेत."

वरच्या पावतीवर डेनिस ट्रस्कॉट लिहिलं होतं. डेनी. ह्या वेस्लीलाही तिनंच कधीतरी वाढलं असणार, पण रांगेतली सगळी पोरं लक्षात राहत नाहीत. डेनी मात्र राहिला होता. चाकांच्या खुर्चीतला डेनी, ज्याला बोलता येत नव्हतं, ज्याला मधूनच झटके यायचे. सहा वर्षं त्याचं जेवण आयली वेगळं काढायची आणि स्वतःच्या हातानं कालवून मऊ करायची. आई येऊन भरवायची. ती आई दोन वर्षांपूर्वी वारली, हे आयलीनं पेपरात वाचलं होतं. मग डेनी आता कोणाकडे असणार, हे सांगायला कोणी नको होतं.

पुढचा प्रश्न छापलेला होता. वर्षातले सहा महिन्यांहून जास्त तुमच्या घरात आणखी कोणी राहिलं का? पुस्तिकेतलं ते पान आयलीला डोळ्यांसमोर दिसत होतं. भाऊ कायमचा अपंग असेल आणि सोबत राहत असेल, तर वयाची अट नाही; थोडी कमाई असलेल्या माणसाला मुलासाठी मिळते ती सवलत त्या भावासाठीही मिळते. परीक्षेत हा प्रश्न आला होता. अख्ख्या वर्गात तिचं एकटीचं उत्तर बरोबर आलं होतं.

तिनं प्रश्न विचारला नाही. 'नाही' ह्या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं.

"एकशे बेचाळीस डॉलर परत मिळतील," ती म्हणाली.

"बरं झालं. माझ्या छोट्या ट्रकची बॅटरी येईल." त्यानं सही केली. दुसऱ्या विद्यार्थ्यानं सगळं तपासलं. कागदाशी कागद जुळत होता, चूक कुठेच दिसत नव्हती. "थँक यू, मॅडम," म्हणून तो गेला.

आयलीनं खिडकीतून बघितलं. तो ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं. आत कोणीतरी बसलेलं होतं, मान एका बाजूला कललेली. वेस्लीनं त्याच्या गुडघ्यांवरची घोंगडी वर ओढली, कानटोपी नीट केली, मग दार लावलं.

त्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून ती सौनाला गेली नाही. रविवारी चर्चला गेली, प्रवचन ऐकलं, त्यातला एक शब्द तिच्या लक्षात राहिला नाही. तिला वाटत होतं, आर्नीच्या बाजूनं आपण काहीतरी केलं. मग तिला वाटायचं, डेनीच्या ताटातलं काढून घेतलं. दोन्ही वाटायचं आणि एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती बोसँको सरांच्या खोलीत उभी होती. शनिवारचे फॉर्म ते सोमवारी दुपारी करखात्याकडे पाठवायचे.

"सर, सत्तावीस नंबर पाठवू नका. त्यात खोटं आहे."

"त्यानं खोटं सांगितलं?"

"मी लिहिलं."

सरांनी चष्मा काढला. तिनं सगळं सांगितलं. कोण माणूस, कोणता प्रश्न, कोणत्या चौकोनात खूण. आर्नीचं नाव आलं तेव्हा सरांनी फक्त एकदा खिडकीकडे बघितलं.

"ह्यासाठी मला तुम्हाला ह्या कामावरून काढता येतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"त्याच्यासमोर तुम्ही बसलंच पाहिजे, असा कुठेही नियम नाही. मी दुसऱ्या कोणाला देतो."

"चूक माझी आहे. दुरुस्त मीच करीन. मग काढायचं तर काढा."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. मग त्यांनी टेलिफोन तिच्याकडे सरकवला.

पुढच्या शनिवारी वेस्ली आला. सरांनी त्यांना आपली खोली दिली होती. ह्या वेळी डेनीही आत आला, खुर्चीत, तीस वर्षांचा, हातपाय काटकुळे, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. आयली त्याच्यासमोर वाकली. "काय रे डेनी?" त्यानं तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. तो दिव्याकडे बघत होता. जोलीन त्याला बाहेर वाचनालयात मासे ठेवलेली काचेची पेटी बघायला घेऊन गेली.

"मिस्टर ट्रस्कॉट," आयली बसत म्हणाली, "गेल्या शनिवारी एक प्रश्न मी तुम्हाला विचारला नाही. विसरले नव्हते. मुद्दाम नाही विचारला."

त्यानं मान खाली घातली. "मला माहीत आहे तुम्ही कोण ते, मिसेस लाह्ती. बसल्या क्षणीच ओळखलं."

"मग उठून का नाही गेलात?"

"डेनी ट्रकमध्ये होता. एवढ्या थंडीत त्याला परत आणणं जमलं नसतं."

आयलीनं फॉर्म पुढे घेतला. "डेनी किती दिवस तुमच्याकडे आहे?"

"आई गेल्यापासून. दोन वर्षं, तीन महिने."

"तुम्ही कामावर असता तेव्हा?"

"शेजारची बाई बघते. तिला मी लाकडं तोडून देतो, छपरावरचं बर्फ काढून देतो."

तिनं एकेक ओळ भरली. डॉक्टरचा दाखला कसा मागायचा ते सांगितलं. मागच्या वर्षाचाही फॉर्म नव्यानं भरता येतो, तोही भरू, असं म्हणाली. शेवटी कागद त्याच्याकडे फिरवला. आकडा ह्या वर्षाचाच तीन हजारांच्या वर होता. तो बघत राहिला.

"हे माझे?"

"तुमचे. पहिल्या वर्षापासूनच होते. कोणी सांगितलं नाही."

त्यानं सही केली. पेन खाली ठेवलं, तरी उठला नाही. बोटाचं तुटकं टोक अंगठ्यानं चोळत राहिला.

"मिसेस लाह्ती, कोर्टात वकिलानं मला बोलू दिलं नाही. तुम्हाला सांगायचं एक राहून गेलंय. नको असेल तर सांगत नाही."

आयलीनं फॉर्म बाजूला ठेवला. "सांगा."

"ते लगेच गेले नाहीत."

शेरीफच्या पोलिसानं तिला सांगितलं होतं, आर्नीला काही कळलंच नाही. सहा वर्षं ती त्या वाक्यावर झोपत आली होती.

"दहा मिनिटं असतील. जास्त नाही," वेस्ली म्हणाला. "मी माझा कोट त्यांच्यावर घातला. डोकं मांडीवर घेतलं होतं. ते म्हणाले, 'ट्रकचे दिवे चालू आहेत का बघ. मागून कोणीतरी येईल, आपटेल.' मी म्हटलं, आहेत. तर म्हणाले, 'इथून नको सांगू. जाऊन बघ.' मी उठून गेलो. सगळे बघितले. मागचे, वरचे, पिवळा फिरता. सगळे चालू होते. परत आलो तर..." तो थांबला. "मी उठायला नको होतं. एकटे गेले ते. माझ्याकडून दोनदा घात झाला त्यांचा."

बाहेर जोलीन डेनीला माशांची नावं सांगत होती, ते ऐकू येत होतं.

"त्यानं सांगितलं होतं ना जायला?" आयलीनं विचारलं.

"हो."

"मग गेलास ते बरं केलंस. नसता गेलास तर तेच तेच सांगत राहिला असता. तसाच होता तो. घरातून निघताना चूल बंद आहे का, मला तीनदा बघायला लावायचा."

वेस्लीनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. आयली उठली नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती समोर बसून राहिली. तेवढंच तिला जमत होतं.

नंतर तिनं डेनीची खुर्ची ट्रकपर्यंत ढकलत नेली, कारण उतारावर बर्फ होतं आणि एका माणसाचं ते काम नव्हतं. नेमकी त्याच दिवशी तिची गाडी दुरुस्तीला होती, आणि तिला न्यायला सिल्व्हिया आली होती. गाडीच्या काचेतून तिनं सगळं बघितलं.

दहा मैल गेल्यावर सिल्व्हिया म्हणाली, "त्या माणसाच्या भावाची खुर्ची ढकलत होतीस."

"हो."

"का?"

"ते मला सांगता येत नाही, सिल्व्हिया. शपथ घेतलीय."

"आर्नीच्या बहिणीलाही नाही?"

"कोणालाच नाही."

सिल्व्हियानं तिला दारात सोडलं. "आज सौना तापवणार नाही मी," एवढंच म्हणाली. त्या शनिवारी तापला नाही, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चर्चमध्ये ती दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसायला लागली.

चौथ्या शनिवारी आयली स्वतः तिच्या दारात गेली. फॉर्मवरचं काही सांगायचं नाही, ही शपथ होती. पण आर्नीचं शेवटचं बोलणं कुठल्या फॉर्मवर नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच तिनं ते सांगितलं. कोट, मांडी, दिवे. काही गाळलं नाही.

सिल्व्हियाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "दहा मिनिटं? आणि सहा वर्षं तो गप्प बसला? आणि तू त्याचं ऐकून घेतलंस?"

"ऐकून घेतलं."

"मी नसतं घेतलं. मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं."

"काढलं असतंस. माहीत आहे."

सिल्व्हियानं खुर्ची ओढली आणि ती बसली. भाऊ तिच्याहून चार वर्षांनी लहान होता. त्याला तिनं कडेवर खेळवलं होतं. बराच वेळ ती टेबलावरच्या मेणकापडाची कड बोटानं सरळ करत राहिली. मग बारीक आवाजात, जो आयलीनं तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता, तिनं विचारलं, "होते का गं चालू? दिवे?"

"सगळे चालू होते."

सिल्व्हियानं मान हलवली. त्या दिवशीही सौना तापला नाही. पण कॉफी झाली.

बोसँको सरांनी आयलीला कामावरून काढलं नाही. तिच्या नोंदीत मात्र घडलं ते सगळं लिहून ठेवलं, आणि लिहिलंय हे तिला सांगितलं. मेमध्ये कॉलेजच्या व्यायामशाळेत पदवीदान झालं. जोलीन तिच्या मागेच होती. काळ्या झग्यात आयलीला घाम फुटला होता. सिल्व्हिया आली होती, पहिल्या रांगेत बसली होती, आणि नाव पुकारल्यावर तिनं इतक्या मोठ्यानं शिट्टी वाजवली की पाद्रीबुवा वळून बघायला लागले. त्या उन्हाळ्यात गावातल्या शेतकी सहकारी दुकानात आयलीला हिशेबनीसाची जागा मिळाली. बियाणं, कुंपणाच्या तारा, घोड्यांचा चारा. काम तिला आवडलं.

पुढच्या हिवाळ्यात ती शनिवारी वाचनालयात जायला लागली, आता आपखुशीनं. वेस्ली आला. त्याचा नंबर जोलीनच्या टेबलाला लागला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत डेनीला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. आयलीनं सिल्व्हियाला फोन करून सांगितलं, मी अंत्यविधीला जाणार आहे. सिल्व्हिया म्हणाली, "रस्ता निसरडा आहे. तुझे टायर झिजलेत. मी नेते."

मेथडिस्ट चर्चच्या बाहेर तिनं गाडी उभी केली, पण उतरली नाही. "मी आत येणार नाही," ती म्हणाली. "ते मला नाही जमायचं."

आयली एकटी आत गेली. पाऊण तासानं बाहेर आली तेव्हा सिल्व्हिया तशीच बसलेली होती, हातमोजे घालून, समोरच्या काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलेलं.

"माणसं बरीच होती का?" तिनं विचारलं.

"माझ्यासकट अकरा."

"एवढीच?" सिल्व्हिया म्हणाली. तिनं हातमोज्यानं काच पुसली आणि गाडी रस्त्यावर घेतली.